फास्ट की स्लो?

उपनगरात राहणाऱ्या माणसाला रोज सकाळी प्लॅटफॉर्मवर एक निर्णय घ्यावा लागतो. फास्ट पकडायची की स्लो? बोरिवलीकर, मुलुंडकर, घाटकोपरकर, प्रत्येकाचं याबाबतीत ठाम मत असतं. फास्टवाल्यांना स्लोवाले जरा जास्तच निवांत वाटतात, स्लोवाल्यांना फास्टवाले येडे वाटतात. या वेळचा आपला विषय हाच आहे, फक्त गाडी वेगळी. नंबर ४०, सुटली व्हिएन्नाहून, साल १७८८. आणि आजवर ती चालवलेले मोटरमन इतके, की प्रत्येकाच्या हातात तिचा स्पीड वेगळा.

मोझार्टची सिम्फनी नंबर ४०. थांबा, लगेच पान उलटू नका! 'वेस्टर्न क्लासिकल म्हणजे टाउनच्या पारशी आजोबांचं काम' असं म्हणणाऱ्यांनाही ही माहितीये. कीपॅडवाल्या मोबाइलच्या जमान्यात ती रिंगटोन म्हणून वाजायची. कस्टमर केअरने होल्डवर ठेवल्यावर हिनेच अनेकांचं डोकं खाल्लंय. आणि यातलं काहीच आठवत नसेल तर 'छाया' (१९६१) आठवा. त्यातलं तलत महमूद आणि लता मंगेशकरांचं गाजलेलं द्वंद्वगीत आई-बाबांच्या कृपेने तुमच्या कानावर पडलेलं असणारच. संगीतकार सलील चौधरींनी त्या गाण्याचा मुखडा सरळ या सिम्फनीच्या सुरुवातीवरून घेतला.

गंमत म्हणजे सलीलदांनी एकाच सिनेमात त्या चालीची दोन व्हर्जन्स दिली. एक तलत-लताचं खेळकर, उडतं. दुसरं तलतने एकट्याने म्हटलेलं, संथ आणि उदास. सूर तेच. पहिलं ऐकून माणूस प्रेमात पडेल, दुसरं ऐकून ब्रेकअप आठवेल. आजच्या कॉलमचा सगळा फंडा या दोन गाण्यांत आहे.

आता जरा स्ट्रीमिंग ॲपवर जाऊन 'मोझार्ट ४०' टाइप करा. दादरच्या ब्रिजवर संध्याकाळी लागते तशी रेकॉर्डिंग्जची रांग लागेल. चाळीसच्या दशकातलं, साठच्या दशकातलं, या शतकातलं. यातलं ऐकायचं कुठलं? पूर्वी हा प्रश्न काळा घोडाच्या ऱ्हिदम हाउसमध्ये काउंटरवर विचारता यायचा. ते दुकान २०१६ मध्ये बंद झालं. आता ॲप जे सगळ्यात वर दाखवेल ते आपण ऐकतो, आणि तेच खरं मोझार्ट समजून मोकळे होतो.

पण एक माणूस असा होऊन गेला, ज्याने या सिम्फनीच्या 'व्हर्जन'वरून चक्क परमनंट नोकरी सोडली. त्याच्याकडे येऊच. आधी थोडे फंडे क्लिअर करू.

नोट्स त्याच, मग फरक कशाचा?

व्हर्जन्सची तुलना आपल्याला नवीन नाही. भीमसेन जोशींचा सवाई गंधर्वमधला एखादा राग एका वर्षी कसा झाला आणि दुसऱ्या वर्षी कसा, यावर भांडणारे काका प्रत्येक मराठी घराच्या फॅमिली ट्रीमध्ये एक तरी असतातच. 'कट्यार काळजात घुसली' (१९६७) या नाटकात तर जितेंद्र अभिषेकींनी एकच पद दोन घराण्यांच्या दोन वेगळ्या चालींत बांधून तुलना थेट स्टेजवरच मांडली.

सिम्फनीचं तसं नाही. रागात गायक दर वेळी बरंचसं नव्याने रचतो. इथे मात्र प्रत्येक वाद्याने वाजवायचा प्रत्येक सूर संगीतकाराने आधीच कागदावर लिहून ठेवलाय. ४० नंबरमध्ये व्हायोलिन, व्हायोला, चेलो, बेस, एक बासरी, ओबो, बसून आणि हॉर्न आहेत. ट्रम्पेट नाहीत, नगारेही नाहीत. चार भाग असतात, त्यांना मूव्हमेंट म्हणतात. समोर उभा राहून हातवारे करणारा कंडक्टर स्वतः एकही सूर वाजवत नाही. मग दोन रेकॉर्डिंग्जमध्ये फरक पडतो तो कशाने?

मुख्यतः लयीने. पहिल्या मूव्हमेंटवर मोझार्टने इटालियनमध्ये दोनच शब्द लिहिलेत, 'मोल्तो अलेग्रो', म्हणजे खूप जलद. पण खूप म्हणजे किती? मिनिटाला किती ठोके हे मोजणाऱ्या मेट्रोनोमचं पेटंट १८१५ मधलं, आणि मोझार्ट गेला १७९१ मध्ये. त्यामुळे बीथोव्हेनने पुढे जसे आपल्या सिम्फन्यांवर लयीचे आकडे लिहिले, तसा आकडा मोझार्टकडून मिळणं शक्यच नव्हतं. बॉसने 'लवकर पाठव' एवढंच मेलमध्ये लिहावं आणि लवकर म्हणजे कधी हे टीमने आपापसात ठरवावं, तशातला प्रकार.

लयीशिवाय आणखी तीन-चार गोष्टी असतात. वादक किती, वीस की साठ? तारा जुन्या पद्धतीच्या, आतड्याच्या, की आजच्या धातूच्या? 'हा भाग पुन्हा वाजवा' अशी खूण कागदावर आहे, ती पाळायची की गाळायची? सगळ्या खुणा पाळल्या आणि लय निवांत ठेवली तर तीच सिम्फनी पंचवीस मिनिटांवरून पस्तीसच्याही पुढे जाते. शिवाय मोझार्टने स्वतःच हिची दोन रूपं करून ठेवलीत. पहिल्यात क्लॅरिनेट नाहीत, नंतरच्यात त्याने ते घातले आणि त्यासाठी ओबोचं काम बदललं. ओबो आपल्या सनईच्या नात्यातला, आवाज थोडा धारदार. क्लॅरिनेट गोल आणि ऊबदार. म्हणजे सुरांचा रंग कुठला, हाही चॉइस आहेच.

मोझार्ट उपनगरात शिफ्ट होतो

१७८८ च्या जूनमध्ये मोझार्टने व्हिएन्ना शहरातलं घर सोडलं आणि आल्सरग्रुंड नावाच्या उपनगरात बिऱ्हाड हलवलं. वय ३२. पैशांची ओढाताण चालू होती. मिखाएल पुखबेर्ग नावाच्या व्यापारी मित्राला त्याने कर्ज मागणारी पत्रं लिहिली, ती आजही उपलब्ध आहेत. त्यांतल्या एका पत्रात तो सांगतो, की इथे गावाबाहेर आल्यापासून माझं काम भराभर होतंय. टाउनमधून अंधेरीला शिफ्ट झालेला कुठलाही फ्रीलान्सर मित्रांना साधारण हेच सांगतो.

पण त्याच महिन्यात, २९ जूनला, त्याची सहा महिन्यांची मुलगी थेरेसिया गेली. त्याच्या स्वतःच्या हिशेबवहीवजा कॅटलॉगमध्ये त्या उन्हाळ्यातल्या तीन सिम्फन्यांच्या तारखा आहेत. ३९ नंबर २६ जून. ४० नंबर २५ जुलै. ४१ नंबर १० ऑगस्ट. मुलगी गेल्यावर महिन्याच्या आत ४० नंबर पूर्ण, आणि त्यानंतर सोळा दिवसांत पुढची. त्याच्या क्रमांक मिळालेल्या ४१ सिम्फन्यांपैकी मायनर स्वरातल्या फक्त दोन आहेत, २५ आणि ४०.

मुलीच्या दुःखावर त्याने ही सिम्फनी लिहिली, असं म्हणायचा मोह होतो. पण ३९ आणि ४१ या दोन्ही आनंदी, भारदस्त सिम्फन्याही त्याच उन्हाळ्यातल्या, त्याच टेबलावरच्या. तेव्हा हे गणित इतकं सोपं नाही. नक्की एवढंच, की त्या घरात त्या उन्हाळ्यात कर्ज होतं, मरण होतं आणि कामाचा झपाटा होता. तिन्ही एकदम.

सुरुवात ऐका. इतर सिम्फन्यांसारखी 'सावधान!' म्हणणारी धडाकेबाज एंट्री नाही. आधी व्होयोलांची हलकी, अस्वस्थ लगबग सुरू होते आणि क्षणभराने त्यावर व्हायोलिनची धून येते. जणू गाडी आधीच सुटलीये आणि आपण धावत्या डब्यात चढतोय. धून आपल्या भाषेत सांगायची तर कोमल धैवतावरून पंचमावर, पुन्हा कोमल धैवतावरून पंचमावर, पुन्हा तेच. किरवाणी ऐकलेल्या कानांना हा प्रदेश ओळखीचा वाटेल. तो एक छोटासा उसासा आहे. पण उसासा टाकून थांबायची सोय नाही, कारण खालची लगबग थांबत नाही.

इथेच सगळ्या कंडक्टरांची पंचाईत होते. उसासा महत्त्वाचा की लगबग? लय उतरवली तर उसासा नीट ऐकू येतो. वाढवली तर लगबग.

सहा मोटरमन

फुर्टव्हेंग्लर, व्हिएन्ना फिलहार्मोनिक, १९४८-४९. अस्सल फास्ट लोकल. महायुद्ध संपून जेमतेम तीन वर्षं झालेली, व्हिएन्ना शहर अजून चार देशांच्या फौजांनी वाटून घेतलेलं. विल्हेल्म फुर्टव्हेंग्लर हा एरवी अघळपघळ लयीसाठी प्रसिद्ध असलेला माणूस. तोच इथे पहिली मूव्हमेंट अशी पळवतो की पहिल्यांदा ऐकताना ॲपचा स्पीड चुकून वाढला की काय असं वाटतं. धूनला गोंजारणं नाहीच. आवाज जुना, मोनो, थोडा खरखरीत. पण दोन मिनिटांत तुम्ही तो विसरता.

ब्रूनो वॉल्टर, कोलंबिया सिम्फनी, १९५९. नाझी राजवटीमुळे आधी जर्मनी आणि मग ऑस्ट्रिया सोडावा लागलेले, ज्यू घरात जन्मलेले वॉल्टर अमेरिकेत स्थायिक झाले. ऐंशी उलटल्यावर, निवृत्त असताना, रेकॉर्ड कंपनीने खास त्यांच्यासाठी कॅलिफोर्नियात वादक जमवले. हे रेकॉर्डिंग म्हणजे आजोबांनी पाठीवर हात ठेवणं. प्रत्येक उसासा पूर्ण होऊ दिलाय. रविवारच्या दुपारी, जेवण झाल्यावर ऐकायला बेस्ट.

कार्ल ब्योम, बर्लिन फिलहार्मोनिक, साठच्या दशकाची सुरुवात. स्लो, पण वेळेवर धावणारी. मोठा ऑर्केस्ट्रा, भरदार तारा, कुठेही घाई नाही आणि कुठेही रडारड नाही. टाय नीट बांधलेला माणूस दुःखाची बातमी शांतपणे सांगतो, तसं. बरीच वर्षं जगभरातल्या बऱ्याच लोकांसाठी 'मोझार्ट असाच वाजतो' याचा अर्थ ब्योम हाच होता.

बेंजामिन ब्रिटन, इंग्लिश चेंबर ऑर्केस्ट्रा, १९६८. ब्रिटन स्वतः मोठा संगीतकार. त्यामुळे त्याला दुसऱ्याच्या कागदावरचं वाचताना बहुतेक अधिक दिसत असावं. दुसरी मूव्हमेंट, अंदान्ते, इथे ऐका. 'पुन्हा वाजवा'च्या खुणा पाळल्यामुळे ती खूप लांबते, आणि लांबावी असंच वाटतं. रात्री अकरानंतर, लाइट बंद करून.

निकोलाउस हार्नोंकुर. नोकरी सोडणारा तो हाच. १९५२ पासून तो व्हिएन्ना सिम्फनी ऑर्केस्ट्रात चेलो वाजवायचा, पगारी, पक्की नोकरी. ४० नंबर ते कितीदा तरी वाजवायचे, गोड, गुळगुळीत, आणि समोरचे प्रेक्षक खूश होऊन माना डोलवायचे. त्याला कागदावर दिसायचं ते भयंकर काहीतरी होतं. हे आणखी एकदा असं वाजवणं आपल्याला जमणार नाही, असं ठरवून त्याने १९६९ मध्ये राजीनामा दिला. पुढे तो स्वतः कंडक्टर झाला आणि ऐंशीच्या दशकात ॲमस्टरडॅमच्या कॉन्सर्टगेबाउ ऑर्केस्ट्राकडून त्याने ही सिम्फनी आपल्या पद्धतीने वाजवून घेतली. टोकदार फटके, अचानक शांतता, गोडव्याला पूर्ण फाटा. म्हातारपणी आपल्याच कोन्सेन्टुस मूझिकुस या जुनी वाद्यं वाजवणाऱ्या ग्रुपबरोबर पुन्हा केली, ते रेकॉर्डिंग २०१४ मध्ये आलं. ३९, ४० आणि ४१ या वेगळ्या सिम्फन्या नसून सलग एकच मोठं काम आहे, असं त्याचं म्हणणं होतं.

'क्रिएटिव्ह डिफरन्सेस'मुळे राजीनामा देण्याची स्वप्नं आपण सगळेच सोमवारी सकाळी बघतो. या माणसाने एका सिम्फनीच्या लयीवरून आणि फटक्यावरून तो खरंच दिला. त्यानंतर ही तुलना मला शौकिनांचा टाइमपास वाटेनाशी झाली.

चार्ल्स मॅकेरस, स्कॉटिश चेंबर ऑर्केस्ट्रा, २००७ मधलं रेकॉर्डिंग, २००८ मध्ये प्रकाशित. ऐंशी पार केलेला कंडक्टर आणि विशीतली चपळाई. लहान ऑर्केस्ट्रा, आजची वाद्यं, पण हॉर्न जुन्या पद्धतीचे, बिनकळीचे. लय जलद, तरी प्रत्येक वाद्य वेगळं ऐकू येतं. पहिल्यांदाच ऐकणार असाल तर इथून चढा. आवाज स्वच्छ आहे आणि कुठलंच मत तुमच्यावर लादलेलं नाही.

मुलुंडच्या घरात घेतलेली टेस्ट

बीएमएमला असताना 'सॅम्पल साइझ' नावाचा प्रकार शिकवला होता. माझा सॅम्पल साइझ दोन, आई आणि बाबा. दोघांनाही वेस्टर्न क्लासिकलचा गंध नाही, हीच त्यांची क्वालिफिकेशन. एका रविवारी मी त्यांना फुर्टव्हेंग्लर आणि ब्योम पाठोपाठ ऐकवले. नावं सांगितली नाहीत, फक्त एक आणि दोन.

बाबांचं मत तीस सेकंदांत तयार. "दोन नंबर. हा पहिला काय, याला कुठे जायचंय एवढं? दुःखाचं गाणं असं पळत म्हणतात होय?" बाबांच्या डोक्यात तलतचं ते संथ गाणं घट्ट बसलेलं, त्यामुळे चाल सुरू झाली की त्यांना ती तशीच हवी असते. हे बाबांचं एकट्याचं नाही. आपण पहिल्यांदा ऐकलेलं व्हर्जन कानात घर करून बसतं आणि पुढचं प्रत्येक व्हर्जन त्याच्या दारात उभं राहून परवानगी मागतं. अनेकदा आपली 'आवड' म्हणजे नुसता आधी आलेल्याचा नंबर असतो.

आई भाजी निवडत होती. ती म्हणाली, "पहिलं परत लाव." मी लावलं. पूर्ण ऐकून म्हणाली, "हे बरोबर आहे."

का, ते तिने सांगितलं नाही, मीच खोदून विचारलं. मग म्हणाली, "आजी गेली तेव्हाचं आठवतंय तुला? सोमवारी गेली. शुक्रवारी मी सव्वाआठच्या गाडीत होते. मार्च एंडिंग होतं, ऑफिसात रजा शिल्लक नव्हती. घरी तुम्ही दोघं, येणारे-जाणारे, चहा. रडायला वेळ कुठे होता? गाडीतच रडले जे काय ते. विक्रोळीपर्यंत. कुर्ला आलं की डोळे पुसायचे, कारण दादरला उतरून पुढची पकडायची." एवढं बोलून परत भाजी निवडायला लागली. बाबा काही बोलले नाहीत, मीही नाही. आईने तीस वर्षं मुलुंडहून अप-डाउन केलं आणि या चार दिवसांबद्दल ती आमच्यापाशी पहिल्यांदाच बोलत होती.

मला वाटतं, फुर्टव्हेंग्लरच्या त्या घाईचं याहून चांगलं परीक्षण मी कुठेच वाचलेलं नाही. एक दुःख असं असतं, जे बसून करता येतं. त्याला खुर्ची असते, वेळ असतो, समोर ऐकणारं कुणीतरी असतं. वॉल्टर, ब्योम ते वाजवतात आणि ते खोटं नाही. दुसरं दुःख चालत्या गाडीतलं असतं. खालची लगबग थांबत नाही, उसासा तिच्यावरच टाकावा लागतो, आणि टाकेपर्यंत पुढचं स्टेशन येतं. कागदावर 'खूप जलद' लिहिणाऱ्या, कर्जात असलेल्या, लेक गेल्यावर महिन्याभरात दुसरी सिम्फनी संपवून तिसरीला बसलेल्या माणसाला दुसऱ्या प्रकारचं दुःख माहीत असणार, असं मला तरी वाटतं.

याच्या उलट मत असणारेही थोर आहेत. संगीतकार रॉबर्ट शूमानला या सिम्फनीत दुःख दिसलंच नाही. त्याला तिच्यात ग्रीक शिल्पासारखी हलकी, तरंगती ऐट दिसली. म्हणजे ही सिम्फनी उदास आहे की नाही, यावरच एकमत नाही, मग लयीवर कुठून असणार? आणि खुद्द मोझार्टला कुठलं व्हर्जन आवडलं असतं? १८०२ च्या एका पत्रात नोंद आहे, की व्हिएन्नात एका बॅरनच्या घरी ही सिम्फनी इतकी वाईट वाजवली गेली, की मोझार्टला खोलीतून उठून जावं लागलं. म्हणजे या सिम्फनीच्या एखाद्या व्हर्जनवर नाक मुरडणारा पहिला माणूस तो स्वतःच!

आपलं काय?

'हे सगळं ठीक आहे, पण आपल्या मुंबईशी याचा काय संबंध?' असं विचारणाऱ्यांसाठी थोडं. झुबिन मेहता इथलेच, जन्म १९३६. त्यांचे वडील मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. पुढे झुबिन ऐन अठराव्या वर्षी शिकायला गेले तेही व्हिएन्नालाच. हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात नोटेशन वाचून व्हायोलिन वाजवणारे गोव्याचे वादक हे या शहरातलं दुसरं घराणं. त्यांच्यातल्या अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये सेंट झेवियर्स कॉलेजच्या पटांगणात मोठा ऑर्केस्ट्रा उभा करून लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना त्यात गायला लावलं. 'अमर अकबर अँथनी'मधल्या गाण्यातलं नाव याच गुरुजींचं. लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले होते. सलीलदांनी मोझार्टची धून उचलली तेव्हा ती वाजवू शकणारे हात मुंबईत आधीपासून तयार होते.

आणि आज? नरिमन पॉइंटला एनसीपीएमध्ये २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. वर्षातून साधारण दोन सीझन होतात. बोरिवलीहून चर्चगेट म्हणजे तासाभराचा प्रवास, पुढे टॅक्सी. परतीची गाडी पकडायची म्हणून शेवटच्या टाळ्यांत उठणारे उपनगरवाले तिथेही ओळखू येतात. पण एकदा जाच. समोर चाळीस-पन्नास माणसं एकत्र श्वास घेताना दिसली की कंडक्टर नक्की काय करतो, हे कुठल्याही लेखापेक्षा लवकर कळतं.

तोपर्यंत घरच्या घरी एक प्रयोग करा. खर्च शून्य, इअरफोन आपलाच.

पहिल्या दिवशी तीनच रेकॉर्डिंग्ज घ्या, फुर्टव्हेंग्लर, ब्योम, मॅकेरस. प्रत्येकाचं फक्त पहिलं मिनिट. धून ऐकू नका, ती पाठच आहे. तिच्या खाली चाललेली व्होयोलांची लगबग ऐका. कुठे ती घड्याळासारखी आहे, कुठे छातीतल्या धडधडीसारखी, ते आपोआप कळेल.

दुसऱ्या दिवशी ब्रिटनची अंदान्ते, सलग. मधे व्हॉट्सॲप बघायचं नाही. हेच सगळ्यात अवघड आहे.

तिसऱ्या दिवशी शेवटची मूव्हमेंट, हार्नोंकुरकडून. सुरुवातीची धून फटाक्याच्या बाणासारखी वर जाते. मध्यावर, सगळे एकदम थबकल्यासारखे होतात आणि सूर भलत्याच दिशांना उड्या मारू लागतात, ती जागा पकडा. तिथे मोझार्ट सप्तकातले जवळजवळ सगळे, शुद्ध-कोमल-तीव्र मिळून बारा सूर वापरतो. फक्त एक गाळतो, तो म्हणजे सिम्फनीचा स्वतःचा 'सा'. दोनेक क्षण घराचा पत्ताच हरवतो. ब्योमकडे ही जागा गल्ली चुकल्यासारखी लागते, हार्नोंकुरकडे लाइट गेल्यासारखी.

चौथ्या दिवशी स्वतःचं व्हर्जन ठरवा. रेटिंग बघून नाही, कॉलम वाचून तर अजिबात नाही. आपण दिवसभर दुसऱ्यांची मतं फॉरवर्ड करत असतो. रेस्टॉरंट स्टार बघून, सिनेमा रिव्ह्यू बघून, फोन अनबॉक्सिंग बघून. पंचवीस मिनिटांची एक गोष्ट तीनदा ऐकून, कुणालाही न विचारता 'मला हे पटतं, कारण...' असं एक वाक्य पूर्ण करता आलं, तर ते वाक्य पूर्णपणे आपलं असतं. आईचं 'हे बरोबर आहे' तसं होतं. त्यासाठी तिला मोझार्टचं स्पेलिंगसुद्धा यावं लागलं नाही.

माझं मत? वर्किंग डेला फुर्टव्हेंग्लर, रात्री ब्रिटन. बाबांचं मत अजूनही ब्योम, आणि ते बदलण्याची चिन्हं नाहीत. घरात आता या विषयावर दोन पार्ट्या आहेत.

तुम्ही कुठल्या पार्टीत, ते ऐकून ठरवा. फास्ट की स्लो?